कोऱ्या कापडातला टाका

गिरिधर शिंप्याकडे सदरा शिवायला टाकायचा तर आधी कानात बोळे घालून जावं, असं जुन्या जालन्यात म्हणत. माप घेता घेता हा बाबा सिनेमात शिरायचा. तोही रडका न्हाई, देवादिकांचा न्हाई, मारधाडीचा. कोणता नट डाव्या हातानं तलवार चालवतो, कोणत्या पिक्चरातली रेलगाडी खरी आणि कोणत्यातली लाकडाची, सगळं तोंडपाठ. किल्ल्याच्या पिक्चरातल्या पांढऱ्या घोड्याचं नाव काय, तो गूळ खातो की हरभरे, हेही त्याला ठाऊक. बायको द्वारकाबाई म्हणायची, ह्यांना माझ्या बापाचं नाव विचारा, डोकं खाजवतील. मुंबईच्या घोड्याचं मात्र झोपेतून उठवून विचारा.

आणि चित्रं काढायचा, ती तर बघत राहावीत अशी. दुकानाच्या दाराच्या फळ्या धुरानं काळ्या झालेल्या. त्यांवर मापाच्या खडूनं चौकटी आखून गडी सबंध मारामारी उतरवायचा. पहिल्या चौकटीत हात उगारलेला, दुसरीत ठोसा बसलेला, तिसरीत दुष्ट सरदार चारी मुंड्या चीत. तिकिटाची ऐपत नसलेले लोक सकाळी फळ्यांपुढं उभं राहून पिक्चर वाचायचे. मी काढलं त्यात एका बोटाचा फरक दाखवा, असं गिरिधर छातीठोक सांगायचा, आणि कोणी दाखवला न्हाई, हेही खरं.

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाशी कुंडलिकेच्या काठावर काकासाहेबांचा फिरत्या सिनेमाचा तंबू लागला. पिक्चर तोच, किल्ल्याचा; गिरिधरनं त्याची बित्तंबातमी ऐकली होती, पण बघायला मिळत होता पहिल्यांदाच. शेवटी नायक बुरुजावर चढतो, पाठीमागून शिपाई येतात, आणि हा उंचावरून खाली खंदकात उडी घेतो. उडीला तंबू शिट्ट्यांनी फाटायचा. दिवेलागणीच्या पहिल्याच खेळाला गिरिधर पुढं बसला होता, शेजारी कचरू पानवाला. उडी आली तशी त्यानं कचरूला कोपर मारलं. म्हणाला, हा नट न्हाई, बदली माणूस आहे. नट उडीला भितो, म्हणून कंपनी पाठमोरा दाखवते. एवढं बोलला आणि पडद्याकडं सरकून बघू लागला. त्या पाठमोऱ्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता.

शिंप्याला माणूस पाठीवरून आधी कळतो, तोंड मागाहून. आणि हा खांदा गिरिधरनं स्वतः एका लग्नाच्या कोटात कापूस भरून सरळ केला होता. टेंभुर्णीच्या पुंजारामचा खांदा. पुंजाराम त्याचा जिवाचा दोस्त. मुके सिनेमे दोघांनी एका घोंगडीवर बसून पाहिलेले. पुंजाराम विहिरीच्या काठावरून उलटी उडी मारायचा आणि गिरिधर काठावर बसून म्हणायचा, तू मुंबईलाच पाहिजेस. लग्नाला वर्ष झालं न्हाई तोच पुंजाराम एका तंबूवाल्याबरोबर गेला, तो गेलाच. बारा वर्षं ना सांगावा, ना निरोप. टेंभुर्णीत त्याची बायको तुळजाबाई रोज कुंकू लावून वाट बघत होती.

म्हणजे आपला पुंजा जिता आहे! गिरिधरला रात्र कशी गेली कळलं न्हाई. सकाळी त्यानं उडी फळीवर काढली, चौकटीमागून चौकट, शेवटच्या चौकटीत उडालेलं पाणी. माणूस सगळीकडं पाठमोरा.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळाला गेला. उडीच्या वेळी बुरुजावरच्या माणसानं मान जराशी वळवली. गाल दिसला. तिसऱ्या दिवशी नाक आणि अर्धी मिशी.  फिल्लम ही काय नाटक आहे, आज असं उद्या तसं व्हायला? एकदा उतरली की उतरली. त्यानं कचरूला विचारलं. कचरू म्हणाला, पाठमोरा आल्ता, पाठमोरा गेला, तू आता चष्मा लाव. सकाळी गिरिधर फळीपुढं उभा राहिला. फळीवर पाठ होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं चित्र चुकलं होतं, आणि त्यानं तर ते बराबर काढलं होतं.

त्याच दुपारी पुंजारामचा धाकटा भाऊ रामकिसन दुकानात आला. काखेत कोऱ्या पांढऱ्या कापडाचं ठाण. बाजाराला आल्ता, पण बाजार वेगळाच होता. बेपत्ता माणसाला बारा वर्षं झाली की त्याला गेला म्हणायचं, पळसाच्या पानांचा माणूस करायचा, कापडात गुंडाळून अग्नी द्यायचा, ही रीत. सोमवारी पुंजारामचं तसं करायचं ठरलं होतं. रामकिसन काही वाईट माणूस न्हाई. त्याचं म्हणणं एवढंच, की वहिनी ना इकडची ना तिकडची, तिचा जीव असा टांगून किती ठेवायचा. पानांचा माणूस भावाच्या उंचीचा व्हावा, आणि ती उंची गिरिधरशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. तेवढ्या मापाचं कापड फाडून द्या, म्हणाला.

गिरिधरनं त्याला सगळं सांगितलं. हाताला धरून खेळाला नेलं. रामकिसन उडीपर्यंत डोळे फाडून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, कोणाची तरी पाठ हाय भाऊ, अशा पाठी बाजारात ढीगभर. गिरिधरला मात्र त्या दिवशी पुरं तोंड दिसलं होतं. पुंजारामचंच. ओठ हलत होते, आवाज न्हाई. सरळ गिरिधरकडं बघत होता, विहिरीच्या काठावरून बघायचा तसा.

काय सांगतो आहे? गिरिधरच्या मनात एकच आलं. मी जिता आहे, ह्यांना थांबव.

मेलेल्याला शिवलेलं कापड चालत न्हाई, हे शेंबडं पोरही सांगेल. सुई लागली की ते कापड जित्याचं. दुसऱ्या सकाळी दुकानात गिरिधरनं पुंजाच्या उंचीचं कापड मापून फाडलं, आणि रामकिसन पान खायला गेला तेवढ्यात एका कडेला पांढऱ्या दोऱ्यानं बारीक टाका घातला. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. दिसायला काही दिसत न्हाई. आता जाळा म्हणावं पानं, माझ्या पुंजाला काही लागत न्हाई. स्वतःच्या हुशारीवर तो तेव्हा खूश झाला, हे सांगायलाच पाहिजे. मोठा शहाणा!

सोमवारी तो टेंभुर्णीला गेला. बायका तुळजाबाईच्या बांगड्या फोडायला बसल्या तेव्हा त्यानं पुढं होऊन हळूच तिच्या कानाशी सांगितलं, वहिनी, पुंजा जिता हाय, हे काही खरं समजू नका. तिनं वर पाहिलं. बारा वर्षांत त्या बाईला एवढं कोणी दिलं नव्हतं. कुंकू पुसलं, पानांच्या माणसाला अग्नी दिला, तरी तिनं डोळ्यातून टिपूस काढलं न्हाई, आणि गावानं तोंडात बोट घातलं.

जालन्याला परत येऊन गिरिधर तडक तंबूत गेला. नायक बुरुजावर चढला. शिपाई आले. माणसानं उडी टाकली.

तो खाली आला न्हाई. बुरुज आणि पाणी यांच्या मधोमध तसाच राहिला, हातपाय पसरून, डावा खांदा खाली, तोंड गिरिधरकडं. खालचं पाणी हलत होतं, मागचं झाड हलत होतं, हा तेवढा अधांतरी. आजूबाजूला शिट्ट्या वाजत होत्या. पाणी कसं उडालं बघितलं का, असं कचरू म्हणाला. 

खेळ सुटल्यावर त्यानं काकासाहेबांना गाठलं. इतका सिनेमाचा जाणकार, पण त्या बदली माणसाची चौकशी आपण कधीच केली न्हाई, हे त्याला विचारताना ध्यानात आलं. काकासाहेब पेटारा बंद करत होते. अगदी सहज बोलले.

"तो? तो त्याच उडीत गेला. वर आलाच न्हाई. उडी झकास उतरली होती म्हणून कंपनीनं तशीच ठेवली."

"नाव काय होतं?"

"नाव कोण विचारतं. निजामाच्या मुलखातला होता म्हणत."

गिरिधर तंबूबाहेर आला. घोड्याचं नाव ठाऊक होतं. घोडा गूळ खातो हे ठाऊक होतं.

पुढचे दिवस त्यानं सुई हातात धरली न्हाई. तंबूकडं जायचं न्हाई म्हणायचा आणि दिवे लागले की पाय तिकडंच वळायचे. माणूस तिथंच लटकलेला. ओठ अजून हलत होते, आणि आता काय म्हणत होता ते गिरिधरला कळत होतं. मला जाऊ दे. पहिल्यापासून तेच म्हणत होता, आणि ह्या शहाण्यानं उलटं वाचलं. टेंभुर्णीला जाऊन सांगायचं, तर तुळजाबाईचा चेहरा डोळ्यापुढं यायचा. आज जाऊ, उद्या जाऊ करत गडी जालन्यातच दडून बसला. भित्रा, दुसरं काय.

मग टेंभुर्णीहून आलेल्या गाडीवाल्यानं बातमी आणली. तुळजाबाई रोज सांजेला अंगणात ताट वाढून ठेवते. म्हणते, धनी येऊन उभे राहतात. पाठमोरे. ये म्हणलं तर येत न्हाईत, जा म्हणलं तर जात न्हाईत. आणि त्यांचे पाय भुईला लागत न्हाईत.

द्वारकाबाईनं ते ऐकलं. तिला टाक्याचं ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. तिनं त्याची टोपी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, जा, जे काय केलं असंल ते निस्तरून या.

तो पोचला तेव्हा दहावा दिवस होता. नदीवर पिंड मांडलेले. बाभळीवर कावळे गच्च बसलेले, पण एकही खाली येईना. रामकिसन हात जोडून एकेक वचन देत होता. वहिनीला अंतर देणार न्हाई, म्हणाला. तिच्या नावानं दरसाल गाव जेवू घालीन, म्हणाला. कावळे ढिम्म. ऊन चढत चाललं, लोक कुजबुजू लागले. तुळजाबाई एका बाजूला पांढऱ्या कपाळानं बसली होती, आणि तीच एकटी शांत होती. जिता असला तर कावळा शिवंल कशाला? तिचा हिशेब सरळ होता.

अग्नी देताना कापडाची एक पट्टी फाडून ठेवतात आणि त्यात मडकं फोडलेला खडा बांधतात. दहा दिवस त्यालाच गेलेला माणूस समजून पाणी द्यायचं. ती पट्टी पिंडाशेजारी होती. गिरिधरनं उचलली, कडेवरून बोट फिरवलं. टाका बोटाला लागला. फाडताना नेमकी तीच कड रामकिसनच्या हाती आली होती.

तो तुळजाबाईपुढं जाऊन बसला. सगळ्यांदेखत सांगितलं. पुंजा उडीत गेला, कधीच गेला. मला दिसला तो जायला वाट मागत होता, आणि मीच त्याला टाका घालून अडकवला. बोलताना तो लहान लेकरासारखा रडत होता. रामकिसन अंगावर धावला, त्याला चौघांनी धरलं.

तुळजाबाईनं पट्टी मांडीवर घेतली. मग तिनं हात पुढं केला. गिरिधरनं कमरेची कात्री काढून दिली.

"भावजी," ती म्हणाली, "बारा वर्षं मी त्यास्नी ये म्हनत आल्ये. तुमी खरं सांगितलं असतं, तर जा म्हनायला मला एक सांज पुरली असती."

तिनं टाका कापला. दोरा ओढून काढला, पदराला पुसून पाण्यात सोडला. मग बाभळीकडं न बघता, घरातल्या माणसाला बाहेरगावी धाडताना म्हणतात तशी म्हणाली, "जा आता. माझी काळजी करू नका."

कावळा उतरला. एक, मग सगळे. आणि तेव्हा कुठं तुळजाबाईनं हंबरडा फोडला, बारा वर्षांचा. पलीकडच्या शेतातली माणसं काम टाकून उभी राहिली.

गिरिधर सांजेला जालन्यात पोचला. तंबूचा जालन्यातला शेवटचा खेळ होता. माणूस बुरुजावर चढला, पाठमोरा, पहिल्या दिवशीसारखा. उडी टाकली. खाली आला, पाणी उडालं, पाणी मिटलं. कचरूनं शिट्टी मारली.

सकाळी गिरिधरनं ओल्या फडक्यानं सगळ्या फळ्या पुसून काढल्या. एक चौकट तेवढी ठेवली, उडीची, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: पुंजाराम, टेंभुर्णीकर. लोक थांबून विचारायचे, हा कोणता नट? तो सांगायचा. त्यानंतर घोड्याचं नाव त्याला कोणी विचारलंच, तर म्हणायचा, विसरलो.