हिअर, लिसन आणि उसाचा ट्रॅक्टर

श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात मी पडवीत इंग्रजीचा क्लास घेते. हिअर आणि लिसन यांतला फरक शिकवायला मला फळा लागत नाही. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत दारावरून कारखान्याकडे जातात. ते कानांवर आपटतं, ते हिअर. आपण कान देऊन ऐकतो, ते लिसन.

मला बघायला येणाऱ्या मुलांचीही मी हीच परीक्षा घ्यायचे. पोहे झाले की कुणीतरी वडीलधारं म्हणायचं, दोघांना बोलू द्या जरा. आम्ही अंगणात जायचो. ट्रॅक्टर आला की त्या गोंगाटात मी म्हणायचे, लग्नानंतर मी हत्ती पाळणार. सहाच्या सहा जण हसून हो म्हणाले. एकानं तर वर अंगठाही दाखवला. मला लग्नानंतर क्लास सोडायचा नव्हता, आणि हत्तीला हो म्हणणाऱ्याच्या होकारात काही राम नाही.

सातवा कोल्हारचा गोरक्षनाथ. घामाघूम, शर्टावर पोह्यांतली मोहरी. खोटं कशाला बोलू, ती मोहरी बघूनच मी अर्धी विरघळले होते. तेवढ्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला आणि गोठ्याचे पत्रे थरथरायला लागले. मी हत्तीचं वाक्य म्हटलं.

त्यानं मान हलवली नाही. तो पळत रस्त्यावर गेला आणि ट्रॅक्टरपुढं हात पसरून उभा राहिला.

"दादा, गानं बंद करा जरा. ह्या काय म्हन्त्यात ते ऐकू येईना."

गाणं थांबलं. ड्रायव्हर, उसावर बसलेल्या मजूर बाया, खिडकीतली माझी आई, सगळे माझ्याकडे बघायला लागले. हत्ती घशातच अडकला.

"लग्नानंतरबी मी क्लास बंद करनार न्हाई," मी म्हणाले.

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"पोरं किती हायेत? आमच्या पडवीत पंधरा बसतील. पन सकाळी घ्या, सांजच्याला आमच्याकडंबी ट्रॅक्टर असत्यात."

झालं. आनंदानं माझं डोकंच फिरलं. पुढं तो बोलत राहिला ते मला ऐकू येत होतं, पण मी एक अक्षर ऐकत नव्हते. आईनं नंतर सांगितलं की तो घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या आपल्या आठ म्हशींबद्दल बोलत होता आणि पहाटेची धार काढाल का, असं विचारत होता. मी हसून हो म्हणाले होते. वर अंगठाही दाखवला होता.