नळकाकांच्या पिशवीतला रिकामा कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. माझ्याकडे नुसतं बघितलं तरी ते कळतं, पण ओळख करून द्यायची रीत असते म्हणून सांगितलं. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता तो नेमका कोणता, यावर घरात मतभेद आहेत. अंगावर नळाच्या जोडांना लावतात त्या सफेद्याचे डाग, बुडाला दोन ठिगळं आणि वास लोखंडाचा. त्यामुळे मला कुणी बैठकीच्या खोलीत मिरवत नाही. माझी जागा दारामागच्या खुंटीवर.

माझा जन्म ट्रकच्या ताडपत्रीतून झाला. ती फाटली म्हणून ट्रकवाल्याने टाकून दिली, आणि नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेल्या एका नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने ती उचलून घरी आणली. त्याच्या बायकोने मला पायाच्या मशीनवर शिवलं. तीन सुया मोडल्या. "पिशवी शिवतेय की गेंडा?" असं ती तेव्हा म्हणाली होती. पट्टे जुन्या मोटारीच्या सीटबेल्टचे लावले. पान्यांना लांब कप्पा, पक्कड आणि हातोडीला रुंद कप्पा, वायसरच्या डबीला छोटा. सगळं झाल्यावर तिने आतल्या अंगाला झाकणाचा आणखी एक कप्पा शिवला.

"हा कशाला?" त्याने विचारलं.

"असू दे रिकामा. कधी काय लागेल, कुणी सांगावं?"

एकतीस वर्षं त्या कप्प्यात पेन्सिलीचा एक तुकडा राहिला. बाकी काही नाही.

मित्रांनो, ती वर्षं माझी सुखाची. गल्लीतले सगळे माझ्या मालकांना नळकाका म्हणत. भिंतीला कान लावून ते आतली गळती कुठे आहे ते सांगायचे, आणि एक वीट काढली की पाणी तिथेच सापडायचं. लोक त्यांचं कौतुक करायचे. माझं कुणी करायचं नाही, पण निघताना मालक माझ्यावर हलकी थाप मारायचे, मला तेवढं पुरायचं.

माणसांबद्दल एक गोष्ट मी या कामात शिकले. त्यांना गळतीची फार लाज वाटते. पाहुणे येणार म्हटलं की नळाखाली फडकं घालतील, टपटप ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करतील, पण बोलवायला येणार नाहीत. गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांनी तर ओट्याखाली बादली ठेवून पुढे पडदाच लावला होता, दोन वर्षं. बादली दिवसातून तीनदा उपसायच्या. मालकांनी पडदा सारला तेव्हा त्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या.

मालक म्हणाले, "बाई, यात लाजायचं काय? पाण्याला वाट मिळाली की ते जाणारच. गळती लपवली की वाढते. दाखवली की निम्मी दुरुस्त झाली."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे परत येणार आहे, आणि आलं तेव्हा मालकांना ते मुळीच आवडलं नाही.

मग मालक आजारी पडले. पुरुषांच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. मालकांच्या त्या ग्रंथीत कर्करोग निघाला. वेळेवर निघाला, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती ग्रंथी काढून टाकली. दवाखान्यात काही दिवस लघवीसाठी नळी लावली होती. मालकांनी म्हणे ती निरखून पाहिली आणि नर्सला सांगितलं, "जोडणी बरी आहे. उतार थोडा जास्त द्या." हे मला त्यांच्या बायकोने बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. ती हसत सांगत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

डॉक्टर म्हणाले होते, "रोग गेला. आता नळी काढल्यावर काही महिने लघवी गळेल. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. व्यायाम करा, धीर धरा." आणि व्यायामाचा एक कागद दिला होता. मालकांनी ऐकलं फक्त "रोग गेला." त्यामुळे घरी आल्यावर पहिली शिंक आली आणि पायजमा भिजला, तेव्हा ते उंबऱ्यातच उभे राहिले. जन्मभर लोकांच्या गळत्या काढलेला माणूस, आणि आता खालमानेने स्वतःकडे बघत होता.

त्यानंतर ते बाहेर जाईनात. गडद रंगाच्या दोनच विजारी घालायचे. बसायचं ते बाथरूमच्या दाराजवळच्या खुर्चीत. बुद्धिबळाचा सोबती बोलवायला आला तर सांगायचे, "कंबर धरलीय." कामाचा फोन आला तरी कंबर. मी खुंटीवर लटकून होते. माझ्या लांब कप्प्यातला मोठा पाना गंजायला लागला आणि एका कोळ्याने माझ्या पट्ट्यापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाळं विणलं. मला कुणी हलवतच नव्हतं, तो तरी काय करणार.

एक दिवस मालक म्हणाले, "ती पिशवी भंगारवाल्याला देऊन टाक."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी मला द्या. पिशवीनंतर माझाच नंबर दिसतोय."

तेव्हापुरतं ते टळलं. पण मित्रांनो, मला खरंच भीती वाटली. मला भंगारात दिलं असतं, तर मालक परत कधी घराबाहेर पडलेच नसते.

याच दिवसांत मालकांनी एक चूक केली. एखाद्या नळवाल्यालाच सुचावी अशी चूक. घरात पाणी गळायला लागलं की आपण काय करतो? मुख्य कॉक बंद करतो. मालकांनी तेच केलं. पाणी पिणं बंद केलं. सकाळी अर्धा पेला, औषधाला दोन घोट, बस. बायको तांब्या भरून शेजारी ठेवायची आणि तो रिकामा दिसला की खूश व्हायची. मालक तो खिडकीतल्या कुंडीत ओतत होते. मला खुंटीवरून सगळं दिसत होतं, पण पिशवीला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

शेवटी चुगली झाडाने केली. आधी ते तरारलं, मग पानं पिवळी पडली आणि मुळं कुजली. बायकोने कुंडी उचलली तर खालची बशी काठोकाठ भरलेली. तिने झाडाकडे पाहिलं, मग मालकांच्या सुकलेल्या ओठांकडे.

"अहो," ती म्हणाली, "झाड बुडवलंत आणि स्वतःला वाळवलंत. वा."

दोनच दिवसांत मालकांना थंडी वाजून ताप भरला आणि लघवीला आग व्हायला लागली. दवाखान्यात न्यावं लागलं. चांगल्या बॅगेची चेन नेमकी तुटलेली होती, म्हणून बायकोने माझ्यातली हत्यारं भराभर काढली आणि मालकांचे कपडे माझ्यात कोंबले. घाईत मोठा पाना तसाच राहिला. अशी मी कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडले.

औषधाने ताप उतरला. मग डॉक्टरांनी त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं.

"काका, कागद दिला होता ना? करता का व्यायाम?"

"करतो की. रोज दोनशे. कधी अडीचशे. श्वास रोखून, दात-ओठ खाऊन."

ताई हसल्या नाहीत. माझ्यातून डोकावणाऱ्या पान्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हा कुणाचा?"

"माझा. नळाची कामं करतो. करायचो."

"मग मला एक सांगा. नळ नीट बंद होत नसला की गिऱ्हाईक काय करतं?"

"पिळतं. जोर लावून पिळतं. बावळट असतात."

"मग काय होतं?"

"आटे जातात. वायसर कापला जातो. थेंब पडत होता तिथे धार..."

"बावळट," बायको हळूच म्हणाली.

मग ताईंनी सगळं नीट समजावलं. लघवी आणि वायू, दोन्ही रोखतो तसं आतून हलकेच वर ओढायचं. पाच अंक मोजायचे, सोडायचं, तेवढीच विश्रांती. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू ठेवायचा. उठताना, शिंकताना, वजन उचलताना आधी आवळून घ्यायचं, मग ते काम. चहा कमी करायचा. पाणी मात्र दिवसभर थोडं थोडं प्यायचं.

"आणि मुख्य कॉक बंद करून गळती दुरुस्त होते का, काका?"

"नाही," मालक पुटपुटले. "नळ्या गंजतात."

घरी आल्यावर बायकोने मला धुतलं, वाळवलं, हत्यारं परत लावली. मग तिने तो झाकणाचा कप्पा उघडला. त्यात तीन पॅड, घडी घातलेली एक विजार आणि भिजलेलं ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी ठेवली.

"हत्यारांत हे?" मालक चिडले.

"हेही हत्यारच. काम अडू देत नाही ते हत्यार. तुम्हीच सांगता ना?"

पण मालकांनी कप्पा रिकामा केला नाही. व्यायाम मात्र मोजून होऊ लागला. पहिले चार आठवडे काहीच फरक नाही. पाचव्या आठवड्यात ते खुर्चीतून उठले आणि कोरडे उठले. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. नुसतं परत बसून पुन्हा एकदा उठून पाहिलं.

आणि एका सकाळी बाई आल्या. तीच ती, पडदा लावणारी.

"नळकाका, मोरीतला कॉक गेलाय. तुम्ही बरे व्हाल म्हणून थांबले. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

"बाई, माझी कंबर..."

आतून बायकोने भांडं आपटलं. फार जोरात नाही, पण मालकांना कळेल इतकं.

बाई म्हणाल्या, "बादली ठेवलीय खाली. या वेळी पडदा लावला नाही. गळती लपवली की वाढते, असं मला एकांनी सांगितलं होतं."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराची चौकट धरली. मला वाटलं, आता दार लागणार, आणि लागलं की ते कायमचंच. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, ऑपरेशननंतर मला लघवी धरवत नाही. तुमच्याकडे काम करताना कधीही होऊ शकतं."

त्या म्हणाल्या, "मोरीपासून बाथरूम सात पावलांवर आहे. आधी ते दाखवते, मग कॉक."

मालकांनी खुंटीवरून मला काढलं. कोळ्याने पुन्हा विणलेलं जाळं तुटलं. त्याची मी क्षमा मागते.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही, कारण मी खोटं बोलणारी पिशवी नाही. गंजलेला कॉक सोडवताना मालकांनी सवयीने मोठा पाना ओढला आणि आधी आवळून घ्यायचं विसरले. विजार ओली झाली. बाहेरच्या खोलीत बाई पेपर वाचत होत्या. पेपर जरा जास्तच उंच धरला होता. मालकांनी मला उचललं, सात पावलं गेले, तो कप्पा उघडला. पाच मिनिटांनी परत आले, गुडघ्यावर बसले, आट्यांवर सूत गुंडाळलं, नवा कॉक आधी हाताने फिरवला, मग पान्याने हलकेच पाव फेरा. जास्त नाही. नळ्यांत पाणी सोडलं. जोडाला बोट लावून पाहिलं. कोरडा.

बाईंनी ट्रेमधून पाण्याचा पेला आणला. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला त्यांना सात महिने झाले होते. पेला उचलून त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मित्रांनो, आता या गोष्टीला वर्ष होत आलं. शिंक आली किंवा टाकीचं झाकण उचललं तर अजूनही थोडं गळतं. पण आता ते "कंबर" म्हणत नाहीत. बुद्धिबळाच्या सोबत्यालाही सांगून टाकलं. तो म्हणाला, "हात्तिच्या, मला वाटलं हरायच्या भीतीने येत नाहीस." माझ्या कप्प्यात आता एकच पॅड असतो, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीचा तुकडा.

तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस बाहेर जायचं टाळू लागलं, पाणी कमी पिऊ लागलं, तर त्याला हसू नका आणि प्रश्नांनी भंडावूही नका. असं कुणी तुमच्याकडे पाहुणं आलं की सहज सांगा, बाथरूम त्या बाजूला आहे. आणि तुमच्या पिशवीत एक कप्पा रिकामा ठेवा. तो कुणाच्या कामी येईल, हे शिवताना कळत नाही.