दहा सेकंदांच्या पुढे

मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार गोड बोलतात. छत्री, फळा, पेन, सगळ्यांना शेवटी थोडे रडू येते आणि मग त्या तुम्हाला माफ करून टाकतात. मी तशी नाही. मी एक व्हिडिओ कॅसेट आहे, तळहातावर मावणारी, काळी, एका कोपऱ्यात चिरलेली, आणि मला माणसांची शिसारी आली आहे. सगळ्यांची नाही. कुणाकुणाची आली, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोप्या घातलेल्या बायका माझ्यासारख्या हजारो जणींच्या पोटात तपकिरी फीत गुंडाळत असत. तिथून मी दुकानात आले आणि दुकानातून ताईच्या घरी. मी तिला ताई म्हणते, कारण माझ्यात ज्याचे चित्र आहे तो तिचा धाकटा भाऊ तिला ताईच म्हणतो. तोंडाने नव्हे, हातांनी. तो जन्मापासून बहिरा आहे.

ताई इंजिनियर होती. चालते चित्र आवळून लहान करायचे, म्हणजे ते बारीक तारेतूनही दूर जाईल, हे तिचे काम. युक्ती सांगायला सोपी आहे. एका सेकंदात पंचवीस चित्रे असतात आणि त्यांत मागची भिंत काही हलत नाही. मग ती भिंत पंचवीस वेळा कशाला पाठवायची? जे हलले तेवढेच पाठवायचे. पण धाकट्याची बोटे भराभर हलायची आणि पडद्यावर त्यांचे नुसते ठोकळे व्हायचे. ताईच्या साहेबांना ते चालत होते. "चेहरा दिसतोय ना? मग बास," ते म्हणत. ताईला चालत नव्हते. ज्याची भाषाच बोटांत आहे, त्याच्या बोटांचे ठोकळे म्हणजे त्याच्या तोंडात बोळाच की!

एका रविवारी तिने धाकट्याला स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसवले आणि माझ्यात त्याचे दहा सेकंदांचे चित्र घेतले. तो हातांनी म्हणाला, "ताई, पडदा ओढ, डोळ्यांवर ऊन येतंय. आणि तुझा चहा गार झाला." बस्स, एवढेच. त्या दहा सेकंदांवर ताईने तीन वर्षे काढली. शेवटी तिला मार्ग सापडला. जिथे काहीच हलत नाही तिथे चित्राचे मोठे चौकोन करायचे, आणि बोटांपाशी अगदी बारीक. बोटे मोकळी झाली. ताईने त्या दिवशी मला छातीशी धरले होते, आणि खरे सांगते, तेवढा एक दिवस मला माणसे फार आवडली.

आता माझ्या घराण्यातली एक रीत सांगते. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची चिमुकली जीभ असते. चित्र घेऊन झाले की ती मोडून टाकायची, म्हणजे चुकूनसुद्धा नवे काही रेकॉर्ड होत नाही. ताईच्या कार्यालयात ही मोडामोड देवपूजेसारखी चाले. ताईने मात्र माझी जीभ मोडली नाही. धाकटा म्हणाला होता, "माझे केस विस्कटलेत, पुन्हा घेऊ." ते पुन्हा कधी घेतलेच नाही.

मग ताई मला घेऊन समितीच्या बैठकीला गेली. एकाच्या यंत्राने आवळलेले चित्र दुसऱ्याच्या यंत्राला उलगडता यावे, म्हणून सगळ्या कंपन्यांची माणसे एकत्र बसून एकच पद्धत ठरवतात. खोली मोठी, खुर्च्या कडक, गालिच्यावर सांडलेल्या कॉफीचे डाग. तिथे दरवेळी काम सुरू होण्याआधी अध्यक्ष एक कागद वाचून दाखवत, "आज मांडल्या जाणाऱ्या कल्पनेवर कुणाच्या कंपनीचं पेटंट आहे का? अर्ज केलाय का? असेल तर आत्ता सांगा." पेटंट म्हणजे सरकारचा कागद, की ही युक्ती अमक्याची, त्याला विचारल्याशिवाय वापरायची नाही. कागदात वाईट काही नाही. पण सगळ्यांच्या पद्धतीत तुमची युक्ती घुसवायची आणि कागद लपवून ठेवायचा, ही लबाडी. म्हणून तो प्रश्न.

ताईने कॅमेरा टीव्हीला जोडून माझे दहा सेकंद दाखवले. लोक खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. त्या गडबडीत कॅमेरा बंद करताना ताईचे बोट भलत्याच बटणावर पडले, लाल बटणावर. माझी जीभ शाबूत होती. मी निमूटपणे रेकॉर्ड करू लागले. कॅमेरा टेबलावर तसाच पडून होता, तोंड खोलीकडे. तेवढ्यात उशिरा आलेल्या दोघांसाठी अध्यक्षांनी कागद पुन्हा वाचला. ताईच्या शेजारी तिच्या कंपनीचे पेटंट सांभाळणारे साहेब बसले होते. गळ्यात रेशमी टाय, म्हणून सगळे त्यांना टायसाहेब म्हणत. टायसाहेबांनी मान हलवली आणि ठणठणीत आवाजात सांगितले, "आमचं काही नाही. खुशाल वापरा."

अकरा दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः याच युक्तीच्या पेटंटचा अर्ज भरला होता. ताईच्याच नावाने. जेवणाच्या सुट्टीत रजेचा अर्ज, ओळखपत्राचा अर्ज असा कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे आला होता, त्यात हाही होता, आणि तिने घास तोंडात असतानाच सह्या ठोकल्या होत्या. वाचायला नको का? नको का वाचायला? माझा तिच्यावरही राग आहे. पण रागाचा आणि शिसारीचा वास वेगळा असतो.

ताईची पद्धत मंजूर झाली. माझ्या दहा सेकंदांच्या नकला देशोदेशी गेल्या. नवे यंत्र आले की आधी धाकट्याचे हात दाखवून पाहायचे, अशी चालच पडली. कुणी सहा महिने नुसती त्याची करंगळी पाहत बसले. हा माणूस बोलतो आहे आणि काय बोलतो आहे, हे विचारायचे मात्र एकालाही सुचले नाही. आणि दहा सेकंद झाले की सगळे मला बंद करत. पुढचे कुणी पाहिलेच नाही, ताईनेसुद्धा नाही. मग नकलांचे काम संगणकावर गेले आणि मी जुन्या कॅमेऱ्यासह बुटाच्या खोक्यात पडले.

वर्षे गेली. प्रत्येक फोनात चालते चित्र आले. धाकट्याने चपलांच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत एक केंद्र काढले. बहिऱ्या माणसाने फोनवर चित्र लावून हातांनी बोलायचे, केंद्रातल्या मुलींनी ते डॉक्टरला, बँकेला, शाळेला बोलून सांगायचे आणि उत्तर हातांनी परत करायचे. फी जेमतेम. भिंतीवर सहा पडदे, आणि दिवसभर त्या खोल्यांत सहा माणसांचे संसार चाललेले. ताई म्हणायची, "मी काय बनवलं ते मला आत्ता कळलं."

इकडे तिची जुनी कंपनी बुडाली. कंपनीची पेटंटे लिलावात गेली आणि एका नव्याच संस्थेने ती उचलली. त्या संस्थेत ना यंत्र, ना कामगार. नुसती कपाटे आणि वकील. दुसऱ्याने खणलेल्या आयत्या बिळात हे नागोबा जाऊन बसले आणि फणा काढून म्हणाले, ताईची युक्ती आमची आहे. फोन बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीवर त्यांनी दावा लावला. लहानसहान लोकांना नुसती पत्रे धाडली, महिन्याभरात हक्काची रक्कम भरा, नाहीतर चित्र बंद करा. धाकट्याच्या केंद्राला पत्र आले. तशाच आणखी अकरा केंद्रांना आले. खाली सही करणाऱ्याचे नाव नव्हते, पण पत्रात संशोधक म्हणून नाव होते ताईचे. धाकट्याने ते तिच्यापुढे धरले. तिने आपलेच नाव दोनदा वाचले.

त्याच आठवड्यात धाकट्याने माझे खोके उघडले. जुने चित्र पाहावे म्हणून त्याने मला लावले. दहा सेकंद झाले. त्याने बंद केले नाही. पडद्यावर बैठकीची खोली आली, अध्यक्षांच्या हातातला कागद आला, आणि टायसाहेबांची मान आली. धाकट्याला ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. त्याने मला चार वेळा मागे घेतले. मग धावत जाऊन ताईला ओढत आणले आणि हातांनी म्हणाला, "हा नाही म्हणतोय! तुझ्या शेजारी बसून नाही म्हणतोय!"

मित्रांनो, मी एवढी कामाची आहे हे मला तेव्हा कळले. विचारल्यावर जो नाही म्हणाला, त्याचा हक्क पुढे न्यायालय चालू देत नाही, आणि त्याच्याकडून तो हक्क विकत घेणाऱ्याचाही नाही. मी फक्त एकदा न्यायाधीशांपुढे चालले की ते पेटंट जागच्या जागी लुळे पडणार होते, धाकट्यासाठी आणि अकराच्या अकरा केंद्रांसाठी.

ताईने मला फोनवाल्या कंपनीच्या वकीलबाईंकडे नेले. बाई हुशार, बोलायला मृदू. त्यांनी मला दोन बोटांनी उचलून पाहिले. "नक्कल करू नका हं," त्या म्हणाल्या. "फितीशी छेडछाड केली म्हणतील. मूळच असू दे, माझ्या तिजोरीत." ताईने पुन्हा एकदा विश्वास टाकला.

ठरलेल्या दिवशी सकाळी न्यायालयात टीव्ही आणून ठेवला होता. ताई आणि धाकटा बाकावर बसले होते. मी वकीलबाईंच्या पिशवीत होते. दहाला वीस मिनिटे असताना त्या शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे समोरच्या पक्षाचे वकील होते. बाईंनी मला टेबलावर ठेवले, दोन कपांच्या मध्ये.

"खरंच चालवणार?" त्यांनी विचारले.

"दहा वाजता."

"आणि नाही चालवलं तर?"

"तर तुम्ही काय देता, ते बोला."

मला वाटले होते, मी साक्षीदार आहे. मी तर सौद्यातला दगड होते, मारायचा नाही, नुसता उगारायचा. वीस मिनिटांत सगळे आटोपले. मोठ्या कंपनीला ती युक्ती जवळजवळ फुकट वापरायला मिळाली. बदल्यात पेटंट जिवंत राहिले, आणि ते राहावे अशीच आता मोठ्या कंपनीचीही इच्छा होती. कारण ते तिच्या लहान स्पर्धकांना चावणार होते. तेरी भी चुप, मेरी भी चुप! कालपर्यंत एकमेकांना चोर म्हणणारे हसत हसत एकमेकांचे पेन वापरून सह्या करत होते. ओकारी येण्यासाठी पोट लागते, नाहीतर मी त्या टेबलावरच ओकले असते. न्यायाधीशांना सांगितले, आपसात मिटले. ते "छान" म्हणाले आणि त्यांनी पुढचे प्रकरण घेतले.

करारात माझ्यासाठीही एक ओळ होती. मला लाखबंद पाकिटात वकीलबाईंच्या कपाटात सात वर्षे ठेवायचे आणि मग नष्ट करायचे.

बाई ताईकडे आल्या. "तुमच्या भावासाठी मी मुद्दाम मागून घेतलंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या केंद्राला सगळं माफ. फक्त या कॅसेटबद्दल कधी कुणाला काही सांगायचं नाही, एवढ्या कागदावर दोघांच्या सह्या."

ताईने या वेळी कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. मग सगळे धाकट्याला हातांनी सांगितले आणि विचारले, "तू म्हणशील तसं."

धाकट्याने विचारले, "बाकीची अकरा?"

"त्यांचं यात काही नाही," ताईने हातांनी सांगितले.

त्याने टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहिले. "माझं एकट्याचं उघडं राहिलं, तर त्यांच्याशी मी कुठल्या हातांनी बोलू?" तो म्हणाला. त्याने कागद परत केला.

"लोक असल्या सवलतीसाठी जीव टाकतात," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले होते. त्या वाईट नव्हत्या. तेच तर जास्त किळसवाणे आहे.

ताईने नंतर ओरडून सांगितले, लिहून सांगितले. लोक म्हणत, "अर्जावर सही तर तुमचीच आहे. पुरावा दाखवा." पुरावा मी, आणि मी पाकिटात; मला सोपवल्याची पावतीसुद्धा ताईने घेतली नव्हती. केंद्र दोन महिन्यांत बंद झाले. अकरांपैकी नऊ बंद झाली.

मग एकदा ताई कचेरीत आली. मला परत मागायला. मी कपाटातून सगळे ऐकले. ती भांडली नाही. तिचा आवाज मला अनोळखी वाटला.

"आमच्याकडे एक शिंपी फोन करायचा," ती म्हणाली. "बहिरा. काल रुग्णालयात त्याच्यासोबत कुणी नव्हतं. त्याची नऊ वर्षांची मुलगी होती, तिला ऐकू येतं. डॉक्टर जे बोलले ते तिनंच बापाला हातांनी सांगितलं. कॅन्सरची खूण तिला येत नव्हती. तिनं एकेक अक्षर बोटांनी जुळवून सांगितला. मग बापानं विचारलं, मी मरणार का? तेही तिनंच डॉक्टरना विचारलं. आणि उत्तर पण तिनंच सांगितलं."

कचेरीत कुणी तरी टाइप करत होते, ते थांबले.

"फार वाईट झालं," वकीलबाई म्हणाल्या. "पण प्रकरण मिटलंय, ताई."

ती गेली. पायऱ्यांवर तिची पावले बराच वेळ ऐकू येत होती.

मित्रांनो, माझी सात वर्षे पुढच्या महिन्यात भरतात. फीत चिकट झाली आहे, तिच्यावर बुरशी धरली आहे. मला जपा, धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्या कचेरीत, त्या समितीत, त्या बाकावर बसाल. तिथे कुणी हसत हसत म्हणेल, मिटले. तेव्हा खोलीभर नजर फिरवा आणि विचारा, इथे कोण नाही? आणि मला फोडायला हातोडी घेऊन जो येईल, त्याला एवढेच सांगा, आधी एकदा लाव म्हणावे. त्या शिंप्याच्या मुलीला शेजारी बसव, आणि लाव.