घरून आणलेला नमुना

चिकलठाण्याच्या साळूबाई त्या सकाळी दवाखान्यातल्या बाकावर मांडी घालून बसल्या होत्या आणि शेजारच्या अनोळखी बाईला सुनेची कहाणी ऐकवत होत्या.

"पोराचा रिपोट एकदम चांगला हाय. खोट हिच्यातच. तरी आमी टाकून दिली नाय तिला."

त्या बाईनं मान डोलावली. आपल्याकडे अशा वेळी मान डोलावणारं कुणी ना कुणी मिळतंच.

सून तनुजा आत भुलीखाली होती. तिच्या अंडाशयातून बीजं नुकतीच काढून झाली होती. त्यासाठी तिनं इतकी इंजेक्शनं टोचून घेतली होती की पोटावर निळे-हिरवे डाग पडले होते. त्याआधी नळ्यांची तपासणी झाली, दुर्बिणीची झाली. कशातही दोष निघाला नव्हता.

डॉ. करुणा या दवाखान्यात वंध्यत्वावर संशोधन करत. ज्यांच्यात कारणच सापडत नाही अशी जोडपी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि तनुजा-सोमनाथ हे त्यांतलंच एक. दवाखान्यात वीर्याचा नमुना द्यायला पुरुषांना संकोच वाटतो, म्हणून जवळ राहणाऱ्यांना तो घरून डबीत आणायची सवलत करुणांनी दिली होती. पुरुषांच्या संकोचाची काळजी सगळ्यांनाच असते. बाईला कपडे उतरवून टेबलावर झोपवताना मात्र तिच्या संकोचाचं कुणी विचारत नाही.

आज बीजांशी संयोग घडवायचा होता, त्यामुळे सोमनाथला ताजा नमुना तिथंच द्यावा लागला. करुणांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. शुक्रजंतू एकही नव्हता. परत परत पाहिलं, तरी तेच. पहिला नमुना तर उत्तम होता. त्यांनी सोमनाथला खोलीत बोलावलं.

"पहिली डबी तुम्हीच आणली होती ना?"

"आणली मीच." तो फरशीकडे बघत राहिला. "पर ते माऊलीचं होतं. माझ्या धाकट्या भावाचं."

"का?"

"मॅडम, लग्नानंतर मी गुपचूप जालन्याला तपासून घेतलं होतं. तव्हाच कळलं, माझ्यातच जंतू नायत. आईला सांगितलं. आई म्हणली, गडी माणसाचं असं बाहेर गेलं तर पाचोडच्या पावण्यारावळ्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाय. बाईला तर लोक तसंबी बोलतेतच." मग त्यानं आवाज अगदी खाली आणला. "माऊली बाहेर आलाय. आजबी त्याचंच घ्या. घरचंच रक्त हाय. तनुजाला कायबी सांगू नका."

करुणांनी समोरची फाइल मिटली.

"तिच्या पोटात कुणाचं मूल वाढवायचं, हे तिला न विचारता तुम्ही मायलेकांनी ठरवलं? मी असलं काही करणार नाही. कायद्यानंही करता येत नाही. बीजं गोठवून ठेवायला तिची संमती आहे, ती मी ठेवते. आणि ऐका, छोट्या शस्त्रक्रियेनं शुक्रजंतू पुष्कळदा मिळतात. खरं सांगितलं असतं तर आधी तुमचीच तपासणी झाली असती. एवढं सगळं तिनं फुकट सोसलं. आता तिला तुम्हीच सांगायचं. आजच, माझ्यासमोर."

त्या बोलल्या खऱ्या, पण बोलता बोलता त्यांनाच शरम वाटू लागली. घरून नमुना आणायची मोकळीक कुणी दिली होती? त्या एका डबीवर विश्वास ठेवून धडधाकट बाईला सुया कुणी टोचल्या? अभ्यासातल्या बाकीच्या बायकांचे चेहरे त्यांना आठवू लागले. त्यांच्या नवऱ्यांनी डबीतून काय आणलं होतं, हे करुणांना ठाऊक नव्हतं.

दुपारी तनुजा पूर्ण शुद्धीवर आली. साळूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. सोमनाथनं खाली मान घालून सगळं सांगितलं, माऊलीचंसुद्धा.

तनुजा हळूहळू उठून बसली.

"तुमच्या बहिणीच्या, रूपाच्या डोहाळजेवणाला मला सैपाकघरात कोंडलं होतं. माझी सावली पोटुशीवर पडू नये म्हणून. तव्हा तुम्हाला ठावं होतं?"

"व्हय," सोमनाथ म्हणाला.

"आन् तुम्ही पंगतीत वाढत होते."

सोमनाथला रडू फुटलं. तनुजानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मॅडम, माझी बीजं माझ्या नावावर ठिवा. त्यांचं काय करायचं ते मी सांगीन. या माणसाबरोबर नांदायचं का नाय, तेबी मीच ठरवीन." तिचा आवाज चढला. "दोष यांच्यात होता, आन् वांझोटी मला म्हणले."

साळूबाई घाईनं दाराकडे गेल्या आणि दार लोटू लागल्या.

"हळू बोल गं. बाहेर माणसं बसलीत, ऐकतील."

"राहू द्या ते दार उघडं," तनुजा म्हणाली. "इतकी वर्सं माझ्याबद्दल बोलताना तुम्ही कधी हळू बोलल्या व्हत्या का?"

साळूबाईंचा हात दारावरच राहिला. बाहेरच्या बाकावर सकाळी मान डोलावणारी ती बाई अजून बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं.