कडेची उंची

एकशे एकतीस रेकॉर्ड होत्या. एकशे अठरा मोठ्या, तेरा लहान. मोठ्यांपैकी नऊ कव्हराशिवाय. प्रत्येक रेकॉर्ड जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. मोजणी संपेपर्यंत लादीवर हिरव्या, गुलाबी, पिवळ्या कापडांचा ढीग झाला. अस्लमचाचा खुर्चीत बसून एकेक तुकडा उचलत, झटकत आणि घडी घालून मांडीवर ठेवत होते.

मोजायला सहरने सांगितलं होतं. सहर म्हणजे चाचांची मुलगी, कतारमध्ये दोह्याला असते. मे महिन्यात ती येणार होती आणि परत जाताना वडिलांना सोबत नेणार होती. रशिदाचाची गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोह्याजवळच्या वरसेतल्या या घरात खाली चाचा एकटे आणि वरच्या खोलीत भाड्याने मी. मी मूळची पेणजवळच्या कासूची. रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि आता धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. जुन्या ब्लूज आणि जॅझच्या रेकॉर्ड विकत घेणारा कुणी अक्षय सहरने मुंबईत शोधला होता. त्याने विचारलं होतं, किती आहेत आणि कशा आहेत.

किती आहेत ते कळलं. कशा आहेत ते बघायला मी एक बाहेर काढून लादीवर ठेवली. ती बशीसारखी डुलली. दुसरी एका बाजूने उचललेली होती. तिसरीची कड लाटेसारखी वरखाली. मी वर जाऊन स्टीलची पट्टी आणली. एका रेकॉर्डची कड लादीपासून नऊ मिलिमीटर वर होती.

“चाचा, यातली एकही सपाट नाही.”

“ठाव हाय,” चाचा म्हणाले. त्यांचं घडी घालणं थांबलं नाही.

मी एक कव्हर नाकाशी नेलं. लाकडाच्या धुराचा वास होता. कागद एका बाजूने पिवळा पडलेला आणि बोट फिरवलं तर काजळी लागत होती. कासूच्या आमच्या घरी माझी दहावीची पुस्तकं नेमकी अशीच आहेत. पाऊस तोंडावर आला की जे जपायचं ते आई चुलीवरच्या माळ्यावर चढवते. बियाण्याचं भात, सुकट, कागदपत्रं, लग्नातली साडी. धूर लागत राहिला की बुरशी धरत नाही. खाडीकाठच्या घरांत याहून सुरक्षित जागा नाही.

“चाचींनी माळ्यावर ठेवल्या होत्या?”

“जुन्या घरात. दर पावसाला.” त्यांनी घड्यांची थप्पी बाजूच्या स्टुलावर ठेवली. “तू शिकलेली हायस. उष्णतेनं असा होता, ता तुला कळणारच. पण सहरला बोलू नको. तिला वाटता आईनं जपल्या. आईनं जपल्याच.”

नंतरच्या काही संध्याकाळी मी खाली बसायला लागले आणि त्यांनी मला सगळं तुटक तुटक सांगितलं.

सौदीत दम्मामजवळच्या एका कंपनीच्या कॅम्पमध्ये ते एसी मेकॅनिक होते. अमेरिकन इंजिनियरांच्या बंगल्यांत सर्व्हिसिंगला जायचे. एका घरी कॉम्प्रेसर बंद करून फिल्टर काढला आणि त्या शांततेत पलीकडच्या खोलीतून एक माणूस गिटारवर गाताना ऐकू आला. चाचा फिल्टर हातात धरून उभेच राहिले. घरमालकाला मजा वाटली. त्याने रेकॉर्ड पुन्हा लावली आणि गाण्याचा अर्थ सांगितला. माणूस सकाळी उठतो, तर बायको घरात नाही. एवढाच.

“मी हसलो,” चाचा म्हणाले. “बोललो, साहेब, हिते आमची बाराशे मानसा हायत. सगल्यांच्याच बायका घरात नायत.”

पुढे त्या इंजिनियरने त्यांना एक जाड पुस्तक दिलं. संग्रह करणाऱ्याने कोणत्या रेकॉर्ड घ्याव्यात त्याचं, तारे देऊन. तेव्हा सीडी आली होती. कॅम्प सोडून जाणारी कुटुंबं जुनं सामान गेटजवळ मांडायची. शुक्रवारी चाचा ते पुस्तक काखेत घेऊन जायचे आणि तारे बघून रेकॉर्ड निवडायचे.

“चार ताऱ्यांच्या खालची कवा घेतली नाय,” ते म्हणाले. मी विचारलं, ब्लूज आणि जॅझमध्ये फरक काय. त्यांनी थोडा विचार केला. “ब्लूजमधी एकटा मानूस बोलतो. जॅझमधी सगले एकदम बोलतात, पन एकमेकाचा आयकतात.”

“यातल्या तुम्ही किती ऐकल्यात?”

“सात. आठ असतील.”

कॅम्पात एका खोलीत आठ माणसं. कुणी ना कुणी रात्रपाळी करून झोपलेला. मशीन ठेवायला जागा नव्हती आणि वाजवायला वेळही नव्हता. घरी गेल्यावर ऐकू, असं ठरलेलं होतं. दर सुट्टीला दहा-बारा रेकॉर्ड ब्लँकेटच्या घड्यांत घालून ते आणायचे आणि रशिदाचाचींच्या हाती द्यायचे. चाची विचारायच्या, ह्याचा करायचा काय? चाचा म्हणायचे, मी कायमचा आल्यावर सांगतो. तोवर जप.

कायमचे आले तेव्हा वरसेतलं हे घर बांधून झालं होतं. जुन्या घरच्या माळ्यावरून सगळं उतरवलं. चाचांनी मुंबईहून प्लेअर आणला, पहिली रेकॉर्ड लावली आणि सुई होडीसारखी वरखाली व्हायला लागली. गाणाऱ्याचा आवाज लांबायचा, आखडायचा, मग सुई उडायची. चाची स्वयंपाकघरातून ओढणीला हात पुसत आल्या आणि दाराशी उभ्या राहून ऐकू लागल्या.

“तिनं माला इचारला, हा असाच असता काय?” चाचा म्हणाले. “मी दुसऱ्या चार काडून बघितल्या. मंग बोललो, मशीन बिघडलाय.”

त्यांनी झाकण लावलं. चाचींनी त्यावर विणलेला रुमाल घातला. पुढे जवळजवळ अकरा वर्षं तो रुमाल तिथेच होता. पार्ट मिळत नाही, असं चाचा सांगत राहिले. ईदला पाहुणे आले की चाची त्यांना चिडवायच्या. सगल्या कॅम्पाच्या मशिनी दुरुस्त केल्यान, घरातली एक होत नाय. पाहुणे हसायचे. चाचाही हसायचे.

“चाची गेल्यावर एखादी लावून बघायची होती,” मी म्हणाले.

“कुनासाठी?”

सहर यायच्या पंधरवडाभर आधी चाचा वर आले. जिना चढून आले म्हणून दारातच थोडे थांबले. त्यांना एकच विचारायचं होतं. एक तरी सरळ करता येईल का? सहरने एकदा ऐकावं, आईने काय जपलं होतं ते.

“बाकीच्या अक्षय बघेलच ना, चाचा. त्याला लगेच कळेल.”

“तेचा मी बघतो. तू फक्त माळ्यानं झाला असा बोलू नको.”

मी वाचलं. दोन जाड काचांमध्ये रेकॉर्ड दाबून मंद तापवायची आणि काचेतच निवू द्यायची. माझा भाऊ निकेश पेणला गणपतीच्या कारखान्यात आहे. रविवारी एसटीने रामवाडीला उतरून मी त्याच्याकडून शोकेसच्या दोन काचा घेतल्या. कुणाच्या लग्नाचा फोटो लावतेस, त्याने विचारलं. मी म्हणाले, चाचांचं काम आहे. तो म्हणाला, मग फुटली तर त्यांना सांगू नको, मी दुसरी देईन.

पहिल्या प्रयोगासाठी चाचांनी स्वतः एक निवडली. “ही घे. हिला तीनच तारे हायत. चुकून आलेली.” गच्चीवरच्या मेच्या उन्हात काचेखालचं तापमान माझ्या अंदाजापेक्षा लवकर वाढलं. थर्मामीटरवर पासष्ट अंश दिसले आणि मी ती उचलली, तेव्हा ती सपाट झाली होती, पण खाचाही काही ठिकाणी विरून गेल्या होत्या. चाचांनी ती उजेडात धरून बघितली. पुस्तकवाला बरोबर होता, ते म्हणाले.

दुसरी त्यांनी बराच वेळ शोधली. कव्हरवर टोपीवाला एक काळा माणूस लाकडी घराच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेला, मांडीवर गिटार. पडवी आपल्याकडे असते तशीच. कॉम्प्रेसर बंद केल्यावर ऐकलेली तीच. या खेपेला मी काचेजवळून हलले नाही. पारा छप्पन्नपुढे जाऊ लागला की वर ओलं फडकं टाकायचं, उतरला की काढायचं. चाचा जिन्याच्या सावलीत बसून होते. संध्याकाळी काच उचलली. आधी नऊ मिलिमीटर वर असलेल्या कडेखाली आता कागद जेमतेम सरकत होता.

“लावून बघू?”

“नको. सहर आल्यावर.”

सहर आली, आणि त्यानंतरच्या शनिवारी अक्षय आला. तिशीचा, अगदी अदबीने बोलणारा. त्याने हात धुवायला पाणी मागितलं, हात पुसले आणि पहिली रेकॉर्ड दोन तळव्यांमध्ये धरून ट्यूबलाइटकडे तिरकी केली. मग दुसरी. तिसरीनंतर त्याचा वेग वाढला. कव्हर बघताना मात्र तो प्रत्येक वेळी थांबत होता. निवड कुणाची, त्याने विचारलं. अशा रेकॉर्ड एका घरात त्याने पाहिल्या नव्हत्या.

“अब्बांची,” सहर म्हणाली. “पण सांभाळल्या अम्मीने. पावसाळ्याआधी प्रत्येक रेकॉर्ड गुंडाळून माळ्यावर ठेवायची. खाली चूल असायची ना, बुरशीचं नावच नाही.”

अक्षयचा हात थांबला. “माळ्यावर? चुलीच्या वर?”

“तेचा काय नाय,” चाचा म्हणाले. “त्या वाकड्याच आल्या होत्या.”

सहरने त्यांच्याकडे बघितलं.

“कॅम्पात माझा सामान पत्र्याच्या कंटेनरात असायचा. उन्हालभर. माला तवा अक्कल नव्हती. आनल्या तवाच वाकड्या होत्या.”

“म्हणजे अम्मी वाकड्या रेकॉर्ड जपत बसली?”

“व्हय.”

अक्षयला अवघडल्यासारखं झालं असावं. त्याने टेबलावर वेगळी ठेवलेली टोपीवाल्याची रेकॉर्ड उचलली, उजेडात धरली, ही चांगली आहे म्हणाला आणि आमच्याकडे न बघता प्लेअरवर लावली. सुई खाली गेली. थोडी खरखर झाली, मग गिटार आली आणि तिच्या मागोमाग पाय आपटल्याचा ठेका. तो माणूस गायला लागला. आवाज कुठे लांबला नाही की आखडला नाही. चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

“मशीन चालू आहे,” सहर म्हणाली. ती सावकाश बोलत होती. “अम्मीला तुम्ही मशीन बिघडलंय म्हणून सांगत होतात. सगळ्यांसमोर ती तुम्हाला बोलायची. तुम्ही स्वतःची चूक झाकायला तिला अकरा वर्षं ऐकू दिलं नाहीत?”

“व्हय,” चाचा म्हणाले. “माजीच चूक.”

ती उठून आत गेली. गाणं चालू राहिलं. बाजू संपली तेव्हा सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली, आणि ती उचलायला अक्षयलाच उठावं लागलं.

कव्हरं चालतील, तो म्हणाला, काही तर फार दुर्मीळ आहेत. चाचांनी हवी ती ने म्हणून सांगितलं. त्याने चाळीसेक नेली. उघड्या झालेल्या रेकॉर्ड आम्ही दोघांनी परत ओढण्यांच्या तुकड्यांत गुंडाळल्या. बाकीच्याही उन्हात घालू का, मी विचारलं.

“ऱ्हावू दे. तिनं ठेवल्यात तशा ऱ्हावू दे.”

पुढचे दिवस सहर वडिलांशी कामापुरतंच बोलली. औषधं, पासपोर्ट, बॅगेचं वजन. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती वर आली. तिच्या हातात एक फिकट निळा तुकडा होता. तो तिच्या शाळेच्या ओढणीचा होता.

“तू सायन्सवाली आहेस. कंटेनरात खरंच असं होतं?”

“पत्र्याच्या बंद कंटेनरात उन्हाळ्यात साठ अंशांच्या वर जातं,” मी म्हणाले. “त्या तापमानाला रेकॉर्ड वाकते.”

तिने मान हलवली. तुकडा नाकाला लावला. “अम्मीच्या चुलीचा वास अजून आहे,” ती म्हणाली, आणि तो पर्समध्ये ठेवून खाली गेली.

गाडी आली तेव्हा चाचांकडे एकच बॅग होती. रेकॉर्ड माझ्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. टोपीवाल्याची तेवढी त्यांनी स्वतः वर आणून दिली, एका पिवळ्या तुकड्यात. ती सोबत न्या, मी म्हणाले. ते म्हणाले, तिथे सहरच्या घरी पोरांचा अभ्यास असतो.

पावसाळाभर रेकॉर्ड माझ्या कपाटात होत्या. आठवड्यातून एकदा चाचांचा फोन यायचा. जेवलीस काय गो, रोह्यात पाणी भरला काय, मोटर नीट चालते काय. रेकॉर्डचं ते कधी काढत नसत. ऑक्टोबरात एका रविवारी सगळं विचारून झालं, पण त्यांनी फोन ठेवला नाही.

“ती सरल केलेली,” ते म्हणाले. “सरलच हाय काय अजून?”

मी फोन टेबलावर ठेवला. पिवळा तुकडा सोडला, रेकॉर्ड काचेवर ठेवली आणि कडेला पट्टी उभी धरली.

“साडेतीन मिलिमीटर, चाचा.”