न चढलेला डोंगर

मोहन टिपणीसांच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र इंग्लंडमधल्या श्रूजबरीहून आलेलं. मी राहतो ती श्रूजबरी मॅसॅच्युसेट्समधली. मुलाकडे असतो, दिवसभर घरात एकटा.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी त्या मूळ श्रूजबरीजवळच्या रेकिन डोंगरावर लेख लिहिला होता. चारशे सात मीटर उंची, माथ्यावर रोमनांच्याही आधीच्या टोळीचा किल्ला, वर एका खडकात नेढ्यासारखी फट. सगळं वाचनालयातल्या पुस्तकांतून. नुसती माहिती कोण वाचणार, असं वाटून 'मी चढलो', 'मला दम लागला' असं लिहीत गेलो. इंग्लंडला मी कधी गेलेलोच नाही.

टिपणीस भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अंक त्यांना कुणा भाच्याने पाठवला. त्यांनी लिहिलं होतं, "अरुणराव, रेकिन हा विझलेला ज्वालामुखी नव्हे. खडक ज्वालामुखीतले, पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वीचे. डोंगराला आकार आला तो फार नंतर. इथले लोकही हीच चूक करतात, तेव्हा माफ. पण इथवर येऊन मला न भेटता गेलात, हे माफ नाही! पत्नी गेल्यापासून मराठी बोलायला कुणी नाही. पुन्हा या, बरोबर चढू."

ज्वालामुखीची चूक कबूल करणं सोपं होतं. दुसरी कबूल केली की मला पत्र लिहिणारा हा एकुलता एक वाचक गेलाच. चार मसुदे फाडले.

गेल्या आठवड्यात अंकाचा संपादक सत्यजित याचा फोन आला.

"काका, यंदा दुसरा डोंगर द्या. तुमचं ट्रॅव्हल रायटिंग सुपरहिट झालं यार!"

"मी फारसा फिरत नाही रे."

"काय सांगता! या वयात इंग्लंडचा डोंगर चढलात. आमच्या ऑफिसात पोरं एका मजल्याला लिफ्ट घेतात."

'बघतो' म्हणालो. स्कॉटलंडवरचं पुस्तक काढून पहिलं वाक्य लिहिलंसुद्धा: 'निघालो तेव्हा दाट धुकं होतं.' कुठलं धुकं? बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारी गवत कापत होता.

कागद बाजूला सारून टिपणीसांचं पत्र काढलं. तेवढ्यात नात केया शाळेतून आली.

"आजोबा, हू इज दॅट फ्रॉम?"

"एका मित्राचं."

"यू हॅव अ फ्रेंड?"

"होईल की नाही, माहीत नाही. मी त्यांना फसवलंय."

"सो से सॉरी," म्हणाली आणि सफरचंद घेऊन वर गेली.

मी लिहिलं: 'मोहनराव, मी रेकिन चढलेलो नाही. तुमच्या गावी आलोच नव्हतो. यंदाच्या अंकात तसं छापायला सांगतो आहे. उत्तराला दोन वर्षं लावली, कारण तुम्ही पुन्हा लिहिणार नाही अशी भीती वाटत होती. ती अजूनही आहे.'

ते हयात असतील का, याचीही खात्री नव्हती. पोस्टापर्यंत चालत गेलो. तिथल्या बाईंनी परदेशी टपालाचं गोल तिकीट लावलं आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.