तुमच्याकडे उघडतंय का बघा

ती फाईल उघडून किल्लीसाहेबांना मिळणार काय होतं? हिशेब मांडायला बसलं तर पानाची एक ओळही भरत नाही. एक फोन वाचणार होता. त्या फोनवर ‘तुम्ही पाठवलेलं हे काय आहे, आम्हाला कळत नाही’ असं कबूल करण्याची नामुष्की वाचणार होती. आणि जमलंच, तर मॅडम संध्याकाळी म्हणणार होत्या, “तुम्ही होतात म्हणून झालं हो.” जमेची बाजू एवढीच. दुसऱ्या बाजूला काय लागेल, हे बघायची त्यांना सवय नव्हती. ती आपल्यापैकी किती जणांना असते, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

किल्लीसाहेब हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलं नव्हतं, ऑफिसनं ठेवलं होतं. ते एका वाचा-उपचार केंद्राचे व्यवस्थापक, आणि मॅडम तिथल्या उपचारतज्ज्ञ. केंद्र तीन खोल्यांचं. पुढे बाकं आणि कारकुनाचं टेबल, मध्ये साहेबांची खोली, आणि मागे भिंतींना जाड फोम चिकटवलेली रेकॉर्डिंगची खोली. तिथे दार लावून बसलं की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येई. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं ऑपरेशनच्या आधी इथे येत आणि आपला आवाज ठेवून जात. शेकडो वाक्यं वाचायची, केंद्रानं ती साठवायची आणि त्यांवरून एक छोटं यंत्र तयार करायचं. मग माणसानं बोटानं लिहावं आणि यंत्रानं त्याच्याच आवाजात बोलावं.

वाक्यं कमी पडली की नातेवाईक घरातली जुनी रेकॉर्डिंग मेलवर पाठवत. कुणाच्या जुन्या फोनमधली, कुणाच्या कधीच्या बंद पडलेल्या टेपवरून उतरवून घेतलेली. प्रत्येक फाईलच्या नावामागे निराळी शेपटी. ओळखीची शेपटी असली तर कोणीही उघडी. अनोळखी असली की ती साहेबांच्या दारात. साहेब बाह्या सरसावत, हा प्रोग्रॅम लाव, तो लाव, शेपटीच बदलून बघ, असं करत शेवटी आवाज बाहेर काढतच. म्हणून ते किल्लीसाहेब. न उघडणारी फाईल त्यांना आपल्या अब्रूवर घाला घातल्यासारखी वाटे.

मागच्या महिन्यात पुढच्या टेबलावरच्या नव्या कारकून मुलीनं त्यांना विचारलं होतं, “साहेब, ही फाईल कुणी पाठवलीय कळत नाही. उघडू, की आधी विचारून घेऊ?”

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “अहो, फाईल आहे, चावत नाही. उघडायचं सोडून तिचं नाव-गाव काय विचारत बसता?”

सगळे हसले. मुलगीही हसली. असं हसून घ्यायला काय पडतं, ते हसणाऱ्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून तिनं विचारणं बंद केलं, आणि साहेबांना वाटलं, पोरगी तयार झाली.

त्याच सुमारास केंद्रात ड्रायव्हिंगच्या बाई येत होत्या. अर्ध्या शहराला गाडी शिकवलेली बाई. आवाज असा, की चौकातला ट्रकवाला दचकून बाजूला व्हावा. केंद्रानं वाचायला दिलेली वाक्यं त्यांनी वाचली, पण तोंड वाकडं करून. ‘आज हवा छान आहे.’ ‘मला पाणी हवे आहे.’

“असं बोलतं का कुणी घरात?” त्या मॅडमना म्हणाल्या. “आमच्या ह्यांना असं गोड बोलले तर डॉक्टरला बोलावतील ते.”

मग त्यांनी स्वतःची वाक्यं आणली. ‘क्लच हळू सोड, कुणी मागे लागलं नाही.’ ‘अहो, पंखा बंद करा, खोलीत कोण बसलंय, तुमचे आजोबा?’ ‘नातीला फोन द्या, तुम्ही नका बोलू.’ शेवटचा दिवस फक्त नातीसाठी. दार लावून काय काय म्हणाल्या ते मॅडमनीही ऐकलं नाही. मग ऑपरेशन झालं, आणि तो दणदणीत आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला. पुढच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. राखीव प्रत होती, नाही असं नाही. पण ती ज्या डिस्कमध्ये होती ती डिस्क त्याच कॉम्प्युटरला बारा महिने तेरा काळ जोडलेली. रोज काढणार कोण आणि परत लावणार कोण?

एके सकाळी साहेबांना मेल आला. वर एका दवाखान्याचं नाव, खाली ‘नव्या पेशंटचे आवाजाचे नमुने’, आणि जोडलेली एक फाईल. शेपटी कधीच न पाहिलेली. पाठवणाऱ्याचा पत्ताही जरा वेडावाकडा होता, पण पत्ते वाचत बसणं साहेबांना कारकुनी काम वाटे. त्यांनी फाईल दाबली. पडदा पापणी लवल्यासारखा एकदा लवला. पुढे काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही.

इथे त्यांनी जे केलं, ते आपण सगळेच करतो. आपल्याकडे उघडत नाही ना, मग दुसऱ्याकडे उघडेल. त्यांनी मेल पुढच्या टेबलावर पाठवला आणि दारातून हाक दिली, “तुमच्याकडे उघडतंय का बघा.”

मुलीचा हात माऊसवर थांबला. “साहेब, दवाखान्याला एक फोन—”

वाक्य तिनं तिथेच गिळलं. मागच्या महिन्याचं हसू अजून तिच्या कानात असावं. तिनं फाईल उघडली. “नाही हो उघडत,” ती म्हणाली.

“राहू दे. बघतो मी,” साहेब म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांना एक जुनं पत्र हवं होतं. ते उघडेना. त्याच्या खालचंही उघडेना. सगळ्या फाईलींच्या नावामागे सकाळचीच ती अनोळखी शेपटी फुटली होती, आणि बघता बघता पुढच्या फाईलीला फुटत होती.  सकाळची फाईल आवाजाची नव्हतीच, बाकीच्या फाईलींना कुलपं घालत सुटलेली होती, हे साहेबांना कळलं. पूर्ण नाही, पण पुरेसं कळलं. कॉम्प्युटरवाल्याचा नंबर समोरच भिंतीवर चिकटवलेला होता.

त्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला. काय सांगायचं? किल्लीसाहेबांनी घराचं दार चोराला उघडून दिलं? त्यापेक्षा आपणच निस्तरू, संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही. त्यांनी आपला कॉम्प्युटर बंद केला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि कॉम्प्युटरबरोबर आलेली मदतीची पुस्तकं चाळत बसले. पुढच्या टेबलावरून हाक आली, “साहेब, आज फार हळू चालतंय हो.” तर आतूनच म्हणाले, “लाईन खराब असेल. चालू द्या.”

चालू दिलं. सगळी दुपार चालू दिलं.

केंद्र बंद व्हायच्या वेळी मुलगी दारात आली. चेहरा पांढराफटक. “साहेब, बाईंचे आवाज उघडत नाहीत. आणि पडद्यावर काहीतरी आलंय, पैसे मागतायत.”

कॉम्प्युटरवाला धावत आला आणि आल्या आल्या त्यानं वायर ओढली. राखीव डिस्क तपासली, तीही गेलेली. हे बघितलं, ते बघितलं. पैसे देऊन काही परत मिळेल याची खात्री नाही, म्हणाला. मॅडम एवढंच विचारत होत्या, “बाईंचं काही उरलंय का?”

“मॅडम, त्यांचा फोल्डर सगळ्यात शेवटी गेलाय,” तो म्हणाला. “आत्ता, तासाभरात. मला दुपारी फोन आला असता तर फोनवरच सांगितलं असतं, वायर काढा. शेंबड्या पोरालाही जमलं असतं. एवढं सगळं चाललेलं कुणालाच कसं दिसलं नाही?”

 मग त्यानं विचारलं, “ही फाईल आधी उघडली कुणी?”

“मी उघडली,” मुलगी म्हणाली. खोटं नव्हतं ते. अर्धंच होतं, पण खोटं नव्हतं. उरलेलं अर्धं ज्यांच्याकडे होतं ते खिडकीबाहेर बघत उभे होते. तोंडातून एक शब्द खोटा काढला नाही, याचं त्यांना त्या रात्री थोडं समाधानही वाटलं. माणूस आपल्या मनाला कसल्या कसल्या पावत्या फाडून देतो!

दोन-चार दिवसांनी ड्रायव्हिंगच्या बाई यंत्र न्यायला आल्या. बरोबर त्यांचे यजमान. गळ्याभोवती मऊ रुमाल, हातात लिहायची पाटी, चाल तीच, मालकिणीची. मॅडमनी त्यांना बसवलं आणि साहेबांच्या आणि मुलीच्या देखत सगळं सांगितलं. “आमच्या ह्या मुलीच्या हातून चूक झाली,” असंही सांगितलं.

यजमान म्हणाले, “मग पुन्हा नाही का वाचता येणार?” बोलून गेले, आणि स्वतःच मान खाली घालून बसले.

 बाईंनी पाटीवर लिहून ती मुलीपुढे धरली. ‘उघडायला कुणी सांगितलं?’

मुलगी पाटीकडेच बघत राहिली.

बाईंनी पुसून पुन्हा लिहिलं. ‘शिकाऊ गाडी ठोकतो तेव्हा मी आधी शेजारच्या सीटवर कोण होतं ते बघते.’ आणि खरंच, पाटी हातात धरून त्यांनी साहेबांकडे पाहिलं. रागानं नाही. गाडी शिकवणारी माणसं आरशात बघतात तसं.

साहेबांना त्या दिवशी तोंड मिटून घरी जाता आलं असतं. त्यांना ओळखून असलेले कुणीही सांगतील, तेच त्यांच्या स्वभावात बसणारं होतं. पण समोरची बाई बोलू शकत नाही आणि आपण बोलत नाही आहोत, ह्यातला फरक त्यांना त्या क्षणी असह्य झाला.

“मी,” ते म्हणाले. “आधी मीच उघडली. हिला मी पाठवली. ही फोन करूया म्हणत होती. तेवढंच नाही. दुपारीच मला कळलं होतं, बाई. मी दार लावून बसलो.”

“दुपारी?” मॅडम खुर्चीतून उठल्याच. “तेव्हा बाईंची वाक्यं होती साहेब! होती!”

“हो,” साहेब म्हणाले. 

बाईंनी लिहायला घेतलं. खडूचा आवाज खोलीभर झाला. पाटी भरली की त्या ती मुलीकडे देत, मुलगी वाचून दाखवी, पुसून परत देई. 

‘घासली याचा राग नाही. गाडी कुणाचीही घासते. माझ्याकडे शिकणाऱ्याला पहिला नियम होता. घासली की तिथेच थांबायचं. उतरायचं. ज्याची गाडी त्याचं दार वाजवून सांगायचं. शिव्या बसतील, खायच्या. जो पळाला त्याला मी परत गाडीत घेतलं नाही.’

मग, ‘आणि शिकाऊनं विचारलं, बाई, हा आवाज कसला येतोय, तर हसायचं नाही. प्रश्न वेडगळ असला तरी नाही. तुम्ही हसलात की पुढच्या वेळी त्याला आवाज ऐकू येईल, पण तो विचारणार नाही.’

शेवटची पाटी त्यांनी स्वतः साहेबांपुढे धरली. ‘तुम्हाला सगळं येतं असं कुणी म्हटलं होतं? आम्ही तर फक्त सांभाळून ठेवा म्हटलं होतं.’

साहेबांनी हात जोडले नाहीत, ते रडलेही नाहीत. ती पाटी मात्र त्यांनी वाचली, आणि पुन्हा वाचली.

त्यानंतर केंद्रात बरंच बदललं. राखीव डिस्क रोज संध्याकाळी काढून कपाटात जाते, आणि ती साहेब स्वतः काढतात. अनोळखी फाईल आली की ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, “हे काय आहे मला कळत नाही. पाठवणाऱ्याला फोन लावा. मेलवरचा नंबर नको, आपल्याकडचा जुना नंबर लावा.” पहिल्यांदा म्हणताना कान लाल झाले होते. आता नाही होत. त्यांना किल्लीसाहेब म्हणणंही हळूहळू बंद पडलं.

वाचकहो, तुमच्या-माझ्या घरात, ऑफिसात अशी फाईल उद्या येईल. ती कुणाकडून आली हे विचारायला लाजू नका. विचारणाऱ्याला हसू नका. आणि हातून उघडली गेलीच, तर दार लावून बसू नका. चूक एका क्षणाची असते. तिला दुपारभर वाढवतो तो आपला अहंकार.

राहिला हिशेब. ज्यांनी फाईल पाठवली त्यांना दमडीही मिळाली नाही. मॅडमची महिनोन्महिन्यांची मेहनत गेली. मुलीची झोप गेली. साहेबांचं नाव गेलं, ते तसंही फार महाग नव्हतं. सगळं काही पुसलं गेल्यावर मागच्या खोलीतल्या छोट्या रेकॉर्डरच्या कोपऱ्यात बाईंचं एकच वाक्य सापडलं, माईक तपासताना म्हटलेलं. “ऐकू येतंय का?” तेवढ्यावर यंत्र होत नाही. म्हणून बाईंच्या यंत्रातून दुसऱ्याच कुणा बाईचा गोड, सरळ आवाज येतो, आणि यजमान अजून दचकून वळून बघतात, घरात कोण आलं म्हणून. नातीसाठी दार लावून काय म्हटलं होतं, ते बाई पाटीवर लिहून देऊ शकतात. दिलंही. नात अजून वाचायला शिकलेली नाही.